वर्षभरात सहा गिटारी वाजवून पाहिल्या, गंधार (ग) प्रत्येकीवर टोचतोय. दोष गिटारीचा की कानाचा?

काळी_पाच (सांगली)

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण वर्षभराचं साठलंय.

मी ५३ वर्षांची, विश्रामबागला राहते, बँकेत नोकरी. शाळेत असताना मिरजेला गाणं शिकायला जायचे. मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग लग्न, नोकरी, आणि गाणं देवघरापुरतं उरलं. आईचा मिरजेचा तानपुरा मात्र माझ्याकडे आहे आणि त्याची जवारी (घोडीवरची झंकार देणारी बैठक) अजून मोकळी बोलते. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याची गिटार कपाटावर ठेवून गेला. गेल्या दसऱ्याला ती खाली काढली, पुसली, पूजेत तानपुऱ्याशेजारी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी हातात घेतली. अभंग आणि भावगीतं स्वतःच्या साथीवर म्हणता यावीत, एवढीच इच्छा.

या दसऱ्याला वर्ष झालं. एक मुलाची, दोन विकत घेतलेल्या, तीन मागून आणलेल्या, अशा सहा गिटारी झाल्या. प्रत्येकीची नोंद हिशोबाच्या जुन्या वहीत आहे.

मुलाच्या गिटारीच्या तारा इतक्या उंच होत्या की बाराव्या पडद्यापाशी रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवून तारेखालून सरकत होती. बोटं सोलून निघाली. मला वाटलं, म्हणूनच बेसूर वाटतं. मग ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलीची नायलॉनच्या तारांची गिटार काही दिवस आणली. तिचा आवाज फार आवडला, अगदी माजघरातला आवाज. पण मान रुंद, नटपाशी (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) ५२ मिलिमीटर, माझा पंजा लहान. एफची पकड (कॉर्ड) काही केल्या बसेना. दिवाळीत बोनस आला तेव्हा दुकानात जाऊन मोठ्या पेटीची नवी गिटार घेतली. तिची पेटी उजव्या काखेखाली अशी यायची की अर्ध्या तासात खांदा धरायचा. फेब्रुवारीत विकून टाकली.

मार्चमध्ये कोल्हापूरच्या आतेभावानं त्याची गिटार पंधरा दिवस दिली. पुढची फळी अखंड स्प्रूसची, प्लायची नव्हे. एक तार छेडली तर पोटाशी जाणवायची आणि बराच वेळ रेंगाळायची. मी मनाशी म्हटलं, आता सापडली. आणि तिच्यावरच गंधार सगळ्यात जास्त टोचला, कारण तो सगळ्यात जास्त वेळ टिकत होता. वहीत त्या दिवशी मी फक्त ‘ग’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय.

पाचवी भाच्याची इलेक्ट्रिक, इचलकरंजीला सुट्टीत गेले तेव्हा आठवडाभर वाजवली. तारा रेशमासारख्या हलक्या, पण जरा जोरात दाबलं की सूर चढतो. सहावी जूनमध्ये घेतलेली छोट्या पेटीची. खांदा दुखत नाही, पंजा पुरतो, ती मला आवडते. जुलैच्या पावसात तिच्याही तारा वर आल्या, ते वेगळंच.

माझा सूर काळी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा. त्यामुळे तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जीच्या पकडीनं सुरुवात करते. ट्यूनरची सुई सहाही तारांवर बरोबर मध्ये आणते. मग तानपुरा लावते. षड्ज जुळतो, पंचम जुळतो, आणि पूर्ण पकड छेडली की गंधार खुपतो. चढा वाटतो. तानपुरा बंद केला की तितका खुपत नाही. गाताना माझा गळा एकीकडे ओढतो आणि गिटार दुसरीकडे, आणि कडवं संपेपर्यंत मी गळा नकळत चढवलेला असतो. मला तो वर्षानुवर्षं सांभाळलेला सूर सोडल्यासारखं वाटतं, आणि त्याचं खरंच वाईट वाटतं.

आता सातवी गिटार घ्यायची का? की माझ्या कानातच काही बिघडलंय? जाणकारांनी सांगा.

कराडचा_तारवाला

ताई, वर्षात सहा गिटारी म्हणजे मानलं. माझ्या मते अखंड स्प्रूसच्या फळीची घ्या आणि तारा बारा नंबरऐवजी दहा नंबरच्या, म्हणजे बारीक लावा, दाब कमी लागेल. नाहीतर सूर बदलून बघा: जाड तारेपासून डी, ए, डी, जी, ए, डी. त्यात गंधार नसतोच, सा-प-सा-म-प-सा होतं. तानपुऱ्यावर मस्त बसतं.

पडदेवाला_सातारा

नमस्कार ताई. मी साताऱ्यात गिटारी दुरुस्त करतो, घरूनच. सातवी घेऊ नका, आधी सहावी तपासू.

तारा मोकळ्या ट्यून करा. दुसरी तार (बारीक तारेकडून मोजून) पहिल्या पडद्यावर हलक्या बोटानं दाबा आणि सुई बघा. चढलेली दिसली तर नटाच्या खाचा उथळ आहेत, तार तिथं उंच बसलीय. दुकानातून नव्या आलेल्या गिटारींत हा रोग फार असतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच बोट जड आहे. नंतर तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावा, पुन्हा ट्यून करा, आणि कॅपोपुढचा पहिला पडदा दाबा. आता सुई मध्ये आली तर नक्की नटच, कारण कॅपो लागला की नटाचा संबंध संपतो. कॅपो पडद्याच्या अगदी मागे लावा आणि लागेल तेवढाच आवळा. जास्त आवळला की तोच तारा ओढून सूर चढवतो.

मग बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून वाजवा, आणि तीच तार तिथंच दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला चढा आला तर तार उंच आहे किंवा घोडीवरची पांढरी पट्टी चुकीच्या जागी आहे. पोलादी तारांना बाराव्या पडद्यापाशी जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर पुरे. तुमच्या मुलाच्या गिटारीच्या तारेखालून तीन नाणी जात होती म्हणजे चारच्या वर. एवढी तार खाली दाबायची म्हणजे ती ताणली जाणारच, आणि ताणली की चढणारच. बारा नंबरच्या संचाचा मिळून सत्तर किलोच्या वर ताण असतो. वर्षानुवर्षं कपाटावर तशीच ताणून ठेवली की मान पुढं झुकते. आतली सळई चावीनं फिरवून ती मागे घेता येते, पण एका वेळी पाव आट्याच्या वर नाही, आणि पहिल्यांदा कुणा जाणत्यासमोरच.

पावसाळ्याचं खास सांगतो. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत हवा किती ओली असते तुम्हाला माहीत आहे. लाकूड पाणी पितं, पुढची फळी फुगते, घोडी वर उचलली जाते आणि तारा उंच होतात. लोक तेव्हाच माझ्याकडे पट्टी घासून घ्यायला येतात. मी घासत नाही. दिवाळीनंतर फळी आपोआप बसते, आणि जुलैत घासलेली पट्टी मार्चमध्ये तारा पडद्यांवर खडखडवते. बॉक्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, बॉक्स बंद ठेवा, गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका.

एवढं करून काय दिसतं ते लिहा.

काळी_पाच (सांगली)

दादा, काल रात्री सगळं करून पाहिलं. कॅपोशिवाय दुसरी तार पहिल्या पडद्यावर चढते, सुई स्पष्ट उजवीकडे जाते. कॅपो लावल्यावर मध्ये येते. म्हणजे नट, तुम्ही म्हणालात तसंच. बाराव्या पडद्यावर दोन्ही सूर जुळले.

पण गंधार तसाच आहे. जीच्या पकडीत दुसरी तार मोकळी असते, म्हणजे कॅपोवरच बसलेली. मी तिला बोट लावतच नाही. सुई बरोबर मध्ये. तरी तानपुऱ्यासमोर टोचते. बोट नाही, नट नाही, तारेची उंची नाही, मग चढं कोण करतंय?

कराडच्या दादांनी सांगितलेले सूर लावून पाहिले. सुंदर आहेत, पण त्यात षड्ज डीवर येतो. माझ्या काळी पाचसाठी कॅपो आठव्या पडद्यावर गेला, आणि तिथं गिटार खेळण्यासारखी वाजते.

विट्याची_पेटी

ताई, मी ४० वर्षं भजनात पेटी वाजवतोय. पेटीचा गंधारही गिटारीसारखाच असतो, पण मला कधी टोचला नाही, आमच्या बुवांनाही नाही. कानाला सवय लागते. तुम्ही तानपुरा बंद ठेवून महिनाभर नुसती गिटार वाजवा, हे जाईल.

खर्जाची_तार (मिरज)

काकू, तुमच्या कानात काहीही बिघडलेलं नाही. विट्याच्या काकांचा मान ठेवून म्हणतो, ती सवय लावून घेऊ नका.

आमच्या घरात तानपुरे आणि सतारी बनतात, मी जवारीचं काम करतो. सतारीचे पडदे धाग्यानं बांधलेले असतात. राग बदलला की वादक पडदा केसभर वर-खाली सरकवतो. गिटारीचे पडदे मानेत खाचा पाडून ठोकलेले. त्यांच्या जागा ठरवायचा हिशोब असा: घोडीपर्यंत जेवढी तार उरली तिला १७.८१७ ने भागायचं, येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. ६५ सेंटिमीटरची तार असेल तर पहिला पडदा नटापासून साडेछत्तीस मिलिमीटरवर. असं बारा वेळा केलं की तार बरोबर अर्धी होते आणि सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पडतात. सारखे असल्यामुळे कुठल्याही पट्टीत वाजवता येतं, कॅपो कुठंही लावता येतो. ही सोय फार मोठी आहे, आणि तिची किंमत गंधार मोजतो.

त्या प्रत्येक भागाचे आणखी शंभर केले तर त्यांना सेंट म्हणतात. गिटारीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार षड्जाच्या सव्वापट कंपनांचा, तो येतो ३८६ वर. म्हणजे १४ सेंटचा फरक, आणि गिटारीचा चढा. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा, म्हणून तो तुम्हाला जुळलेला वाटतो. तुमचा कान दोन सोडून देतो आणि १४ पकडतो. हे शिकलेल्या कानाचं लक्षण आहे.

तुमच्या काळी पाचवर आकडेच मांडतो. खर्ज (खालच्या सप्तकातला षड्ज) सेकंदाला साधारण ११६.५ कंपनं. त्यातून उमटणारा गंधार त्याच्या पाचपट, ५८२.७. गिटारीचा त्याच सप्तकातला गंधार ५८७.३. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला साडेचार वेळा थरथर होते. तुम्ही टोचणं म्हणता ते हेच. आतेभावाच्या गिटारीत तार जास्त वेळ टिकली म्हणून थरथर जास्त ऐकू आली. तुम्ही जितकी चांगली गिटार घ्याल तितकी ती स्पष्ट ऐकू येईल.

आणि हे भांडण आपल्याच गावचं आहे, म्हणून जरा जास्त लिहितो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, कंपनं मोजून पुस्तक लिहिलं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना स्वर गाऊन दाखवले. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाला सोबत घेऊन त्यांनी श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली, कारण साध्या पेटीचा गंधार त्यांना सोसत नव्हता. खाँसाहेब १९३७ साली गेले, ते आमच्या दर्ग्यात विसावलेत. पुढं आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारच बंद केलं होतं. मला ती बंदी पटत नाही, पेटीनं घराघरात गाणं पोचवलं. पण तक्रार खोटी नव्हती.

पडदा नसला की हा प्रश्नच सुटतो. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी गिटार आडवी घेतली आणि तारेवर सळई सरकवून राग वाजवले, तसं वाजवताना हव्या त्या गंधारावर थांबता येतं. तुम्हाला गाण्याला साथ हवी आहे, तो मार्ग वेगळा. रविवारी गिटार घेऊन मिरजेला या. नटाच्या खाचाही बघतो. हाडावर कानस चालवणं आमचं रोजचंच काम आहे.

पडदेवाला_सातारा

मिरजकर, हे मी इतकं नीट कधी समजून घेतलं नव्हतं. माझ्याकडे दोन गाणारे गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन आले होते आणि मी त्यांची पट्टी सरकवत बसलो होतो. त्यांना फोन करतो.

ताई, एक उपाय काही जण करतात: दुसरी तार किंचित उतरवून ठेवायची. जीच्या पकडीत गंधार त्याच तारेवर असतो, तो गोड होतो. पण सीच्या पकडीत त्याच तारेवर त्या पकडीचा षड्ज येतो, तो उतरतो. पाच-सहा सेंटपर्यंत तडजोड खपते, चौदा नाही.

काळी_पाच (सांगली)

रविवारी मिरजेला जाऊन आले. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी मनापासून लिहिलंत.

दुकानात भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि जवारी घासल्याचा तो बारीक आवाज. मी शाळेत असताना आई मला याच गल्लीत तारा घ्यायला आणायची. या भावानं गिटारीकडे आधी पाहिलंच नाही. एक तानपुरा माझ्या काळी पाचला लावला, खर्जाच्या तारेवर घोडीपासून पाचव्या हिश्श्यावर करंगळी नुसती टेकवली आणि तार छेडली. गंधार एकटा उभा राहिला. बारीक, स्थिर, कुठंही न हलणारा. मी डोळे मिटले होते. मग म्हणाला, “आता गिटारीची दुसरी तार वाजवत राहा, मी खुंटी फिरवतो.” थरथर हळूहळू मंद झाली, लांब झाली, एका क्षणी थांबली. ट्यूनर पाहिला तर सुई डावीकडे, चौदा. त्याच गंधारावर मी आ लावला आणि माझा गळा, तानपुरा आणि गिटार एकाच जागी होते. वर्षभरात पहिल्यांदा. मला रडू आलं, तो बिचारा पाणी आणायला उठला.

पुढं सातारच्या दादांनी लिहिलं तसंच झालं. मध्यमाची पकड, म्हणजे सीची, धरली आणि सगळं विसकटलं. तार परत वर घेतली.

नटाच्या सहाही खाचा त्यानं बारीक कानशीनं खोल केल्या. तिसऱ्या पडद्यावर तार दाबायची आणि पहिल्या पडद्यावर तार नि पडदा यांत केसाएवढी फट उरली की थांबायचं, असं त्याचं माप. पाऊण तास लागला. मी मुलाची गिटारही नेली होती. तिची मान सळईनं थोडी मागे आली, राहिलेलं दिवाळीनंतर, फळी बसल्यावर करायचं ठरलं.

परत येताना बसमध्ये विचार करत होते की गिटारीला जे जमत नाही ते तिच्याकडून का मागायचं. पंचम तिचा चांगला आहे, षड्ज चांगला आहे, तेवढेच घेऊ. गंधार मी गाते. रात्री बसून पकडी शोधल्या.

कॅपो तिसऱ्या पडद्यावरच, पडदे कॅपोपासून मोजायचे. षड्जासाठी सहावी तार तिसऱ्या पडद्यावर, त्याच बोटाचं टोक पाचव्या तारेला टेकवून ती मुकी करायची, चौथी आणि तिसरी मोकळ्या, दुसरी आणि पहिली दोन्ही तिसऱ्या पडद्यावर. सा आणि प, दुसरं काही नाही. मध्यमासाठी सहावी वाजवायचीच नाही, पाचवी तिसऱ्यावर, चौथी मुकी, तिसरी मोकळी, दुसरी पहिल्यावर, पहिली तिसऱ्यावर. पंचमाला नेहमीची डीची पकड, पण फक्त मधल्या तीन तारा, चौथी, तिसरी आणि दुसरी. पहिली तार छेडायची नाही.

चार दिवस याच पकडींवर अभंग म्हणतेय. तानपुरा चालू, गिटार चालू, आणि मधली जागा मोकळी. तिथं गळा जातो तेव्हा कुणी ओढत नाही. ‘ग’वर थांबावंसं वाटतं, थांबते. काल यजमान बाहेरच्या खोलीतून आत येऊन बसले आणि पूर्ण अभंग होईपर्यंत उठले नाहीत.

विट्याचे काका, पेटीवर तुम्ही उजव्या हातानं पूर्ण चाल वाजवता, तिथं गंधार टाळता येणार नाही, हे मला कळतं. पण ठेका चालू असताना डाव्या हाताचा भाता आणि फक्त सा-प धरून बुवांना एकदा गंधारावर थांबायला सांगा. काय झालं ते इथं नक्की लिहा, मला खरंच ऐकायचं आहे.

सहावी गिटार ठेवतेय, सातवी घेत नाही. मुलाची त्याला दिवाळीला परत देणार.

कराडचा_तारवाला

ताई, षड्जाची पकड करून पाहिली. मला अजून थोडा गंधार ऐकू येतोय, कुठं चुकतोय?

काळी_पाच (सांगली)

दुसरी तार बघा. तिसऱ्या पडद्यावरचं बोट जरा सैल पडलं की ती मोकळी वाजते, आणि मोकळी म्हणजे गंधार. मी अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर ठेवते, त्यामुळे बोट सुटत नाही. ती बसली असेल तर पाचवी तार पूर्ण मुकी होतेय का ते एकदा तपासा, तिच्या दुसऱ्या पडद्यावरही गंधारच असतो.